आकेरकर बाईंचा आकडा

कसालच्या बाजारात आजही आकेरकर बाईंचं नाव निघालं की कोणीतरी म्हणतंच, "ती मां? कारखानो बंद पाडल्यान ती." पुढे कोणी काही विचारत नाही, सांगतही नाही. कारखाना त्यांच्यामुळे बंद पडला हे खरं आहे. मी तेव्हा तिथेच नोकरीला होतो. पण एका बाईची एवढीच ओळख मागे राहावी हे मला पटत नाही, म्हणून आठवतं तसं लिहितो आहे.

आमचा कारखाना काजूच्या टरफलांचा. गर काढून घेतला की उरलेल्या टरफलात एक काळपट, चिकट तेल असतं. हाताला लागलं तर कातडी सोलवटून निघते. काजू फोडणाऱ्या बायकांच्या बोटांकडे पाहिलं की हे तेल काय आहे ते कळतं. याच तेलापासून रंगासाठी, गाड्यांच्या ब्रेकसाठी लागणारी राळ बनते. राऊळशेठनी हायवेपासून थोडं आत, कातळावर हा कारखाना उभा केला होता. गावातली पोरं शिकली की मुंबई धरतात, ती इथेच राहावीत असं त्यांना मनापासून वाटायचं. मी वैभववाडीचा, केमिकल इंजिनियर झालेला. मला त्यांनीच बोलावून घेतलं. काही दिवसांनी म्हणाले, "मुंबईच्या मोठ्या डिझाइन ऑफिसात काम केलेली एक बाई तोंडवलीत येऊन राहिली आहे. तिला विचारूया."

आकेरकर बाई आल्या त्या एसटीने, मालवणला गाडी बदलून. सुती साडी, तिच्यावर पुरुषी लांब हातांचा शर्ट, पायात कॅनव्हासचे बूट. पन्नाशी उलटलेली. राऊळशेठनी जेवायला थांबवलं. सोलकढीचा पेला हातात आला तेव्हा बाईंनी तो तोंडाला लावला नाही. किंचित कलता केला, कढी काचेवरून खाली कशी ओघळते ते पाहिलं, आणि मग प्यायल्या. ती त्यांची सवय होती. चहा, पेज, खोबरेल, रंगाचा डबा, काहीही असो, आधी कलतं करून पाहायचं. मुंबईतल्या त्या ऑफिसात वर्षानुवर्षं त्यांचं काम एकच होतं. कोणी पंप बसवणार असेल, नळ टाकणार असेल, तापवायची टाकी बांधणार असेल, तर आत वाहणारा द्रव किती दाट आहे हे आधी कळावं लागतं. पुस्तकात त्याला श्यानता म्हणतात, आम्ही व्हिस्कॉसिटी म्हणायचो, बाई सरळ दाटपणा म्हणायच्या. तो आकडा कुठून तरी शोधून आणायचा, आणि कुठेच मिळाला नाही तर अंदाजाने काढायचा, हे बाईंचं काम.

माझी आणि त्यांची पहिली गाठ अशाच एका आकड्यावरून पडली. तेल ढकलण्यासाठी पंप निवडायचा होता. मी इंटरनेटवर शोधून दाटपणाचा आकडा काढला आणि मोठ्या विश्वासाने त्यांच्यासमोर ठेवला.

"आकडो खंयचो?" बाईंनी विचारलं.

मी सांगितलं, कुठला म्हणजे, तीन ठिकाणी हाच सापडला.

"तीन ठिकाणी म्हणजे तीन माणसांनी मोजला?"

मला माहीत नव्हतं. त्यांनी माझ्याच कॉम्प्युटरवर बसून एकेका पानाचा माग काढला. तिन्ही पानांनी एकाच जुन्या लेखातून आकडा उचलला होता, आणि त्या लेखातलं तेल आधी भट्टीत तापवून शुद्ध केलेलं होतं. आमचं कच्चं. शिवाय तो आकडा किती तापमानाला घेतलेला आहे हे एका पानाने उचलतानाच गाळून टाकलं होतं.

"कुठलाही माणूस दारात इलो की आपण काय इचारतंव? तुमी खंयचे? आकड्याकपण इचारूचा. सांगल्यान नाय तर पडवेर बसय, माजघरात घेव नको," त्या म्हणाल्या. रागावल्या नव्हत्या. हे वाक्य त्यांनी मुंबईतही अनेकांना ऐकवलं असावं, इतकं ते घासून गुळगुळीत झालेलं होतं.

त्यांचा दुसरा प्रश्न 'कितीवर?' हा. म्हणजे किती तापमानाला. थंडीतल्या सकाळी आमचं तेल पिंपातून बाहेर यायला तयार नसे आणि तेच वैशाखात बादलीत धो धो पडे. तेव्हा 'हे तेल किती दाट' या प्रश्नाला, तापमान सांगितल्याशिवाय, उत्तरच नाही. असे प्रश्न त्यांच्या जिभेवर इतके बसले होते की एकदा ऑफिसातला कोणी म्हणाला, बायकोला ताप आहे, एकशे एक, तर बाई म्हणाल्या, "तोंडात की काखेत?" सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

हळूहळू त्यांनी मला शिकवलं. दोन तापमानांना नीट मोजलेले आकडे हाती असतील तर मधल्या तापमानाचा आकडा काढता येतो. त्यासाठी आलेख कसा मांडायचा म्हणजे वळणारी रेघ जवळजवळ सरळ होते, ते दाखवलं. पण रेघ मोजलेल्या टोकांच्या पलीकडे ओढायला गेलो की त्या माझ्या हातातली पेन्सिल काढून घेत. अर्धं दाट आणि अर्धं पातळ एकत्र केलं तर दाटपणा मधोमध येत नाही, पातळ आपल्या वाट्यापेक्षा जास्त ओढतं, हे त्यांनी काकवीत पाणी घालून दाखवलं. काहीच सापडलं नाही तर रेणूचे तुकडे कल्पायचे, प्रत्येक तुकड्याचा वाटा धरायचा आणि बेरजेवरून अंदाज बांधायचा, हीही रीत शिकवली. फक्त ती शिकवताना त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"ही शेवटची वाट," त्या म्हणाल्या. "हिच्यावरून आलेला आकडा दुप्पट चुकू शकतो. कधी त्याहून जास्त."

स्वतः त्या शक्यतो मोजूनच घेत. एका उंच काचेच्या नळकांड्यात तेल भरायचं, नळकांडं गरम पाण्यात उभं करायचं, आणि सायकलच्या बेअरिंगमधली पोलादी गोळी वरून सोडायची. गोळी किती वेळात तळ गाठते यावरून दाटपणा. काळ्या तेलात गोळी दिसत नसे, म्हणून मागे दिवा धरावा लागे. बाई डोळे बारीक करून, श्वास रोखून बघत राहायच्या. मोठं माणूस एवढ्याशा गोळीसाठी इतकं चिंतेत पडलेलं मी दुसरं पाहिलेलं नाही.

आणखी एक सवय होती, ती मला आधी विक्षिप्त वाटली. बाई आकडा कधी कागदावरून पाठवत नसत, फोनवरही सांगत नसत. स्वतः चालत जायच्या. तेल तापवून, ढवळून राळ करायच्या टाकीवर काम करणारा बाबल म्हणून आमचा एक ऑपरेटर होता, ओरोसच्या बाजूचा, दोन लहान मुलींचा बाप. बाई उन्हातून टाकीच्या लोखंडी जिन्याने धापा टाकत वर जायच्या आणि त्याच्यासमोर उभ्या राहून सांगायच्या, "बाबल, हो आकडो मोजललो आसा. हो दुसरो अंदाजाचो. अंदाजाच्यार भरवसो ठेव नको. ढवळणी जड वाटली तर कोणाक इचारू नको, गरम करूचा बंद कर." बाबल मान हलवायचा. बाई त्याच्याकडून ते परत म्हणून घ्यायच्या. शाळेतल्यासारखं. बाबलला ते आवडत नसे.

मी एकदा म्हटलं, "बाई, मी सांगेन ना त्याला."

"नको," एवढंच त्या म्हणाल्या.

याचं कारण मला तोंडवलीत कळलं. एका रविवारी त्यांना काही कागद द्यायला गेलो होतो. समुद्राकडच्या वाटेवर, माडांत, एका कौलारू घराची एक खोली त्यांनी भाड्याने घेतली होती. बाई खोलीत नव्हत्या. शेजारच्या घराच्या खळ्यात एका म्हाताऱ्या बाईचे केस विंचरत बसल्या होत्या. म्हातारी जवळजवळ आंधळी होती. तिला सगळे पारूआये म्हणत. बाईंनी तिचा अंबाडा बांधला, तिला पडवीत नेऊन बसवलं आणि मला म्हणाल्या, "चल, किनाऱ्यावर जाऊ."

वाळूत सुरूच्या झाडाखाली बसल्यावर मी सहज विचारलं, आये तुमच्या नात्यातल्या का?

"तिचो झिल माझ्या आकड्यान मेलो," बाई म्हणाल्या.

मग आयेच्या मुलाचं त्यांनी सांगितलं ते सगळं प्रमाण मराठीत, एखाद्या चौकशीपुढे सांगावं तसं. मुंबईच्या ऑफिसात एका कारखान्याच्या टाकीचं काम आलं होतं. आत जो पदार्थ तयार होणार त्याचा दाटपणा जगात कोणी मोजलेला नव्हता. वेळ नव्हता, नमुना मिळत नव्हता. बाईंनी रेणूचे तुकडे पाडून आकडा काढला आणि पुढे लिहिलं, अंदाज, बराच जास्त असू शकतो. तो कागद दुसऱ्या टेबलावर गेला, तिथून तिसऱ्या. तक्त्यात आकड्याला रकाना होता, शेऱ्याला नव्हता. शब्द गळला, आकडा तेवढा राहिला. त्यावर ढवळणीची मोटर ठरली, टाकी थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या नळ्यांची वेटोळी ठरली. प्रत्यक्षात तो पदार्थ शेवटाकडे कितीतरी पट दाट व्हायचा. दाट झाला की ढवळणी मंदावते, ढवळणी मंदावली की आतली उष्णता बाहेर पडत नाही, आणि उष्णता साठली की क्रिया आणखी जोरात होते. एका दुपारी टाकीचं झाकण उडालं. तिथे मोहन तांडेल उभा होता. पारूआयेचा एकुलता एक.

"चौकशी झाली," बाई म्हणाल्या. "मी अंदाज लिहिलं होतं, मूळ कागद सापडला. मला कोणी एका शब्दाने बोललं नाही. उलट साहेब म्हणाले, तुम्ही चोख काम केलंत."

"मग तुमची चूक कुठे?"

"मला ठाऊक होतं रे. शेरे गळतात हे मला ठाऊक होतं. दर वेळी गळायचे. उठून शेजारच्या टेबलापर्यंत गेले असते तर पुरलं असतं. मी कागद ट्रेमध्ये टाकला आणि डबा खायला गेले."

लाट वाळूवर पसरून मागे गेली. बाई पुढचं मालवणीत बोलल्या. नोकरी सोडल्यावर त्या मोहनचं गाव शोधत तोंडवलीत आल्या आणि त्याच्या आईसमोर बसून सगळं सांगितलं. त्यांना वाटलं होतं, म्हातारी शिव्या देईल, हाकलून देईल. पारूआयेने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कंपनीचे कागद इले. माणूस कोण इलो नाय. तू इलंस." बाईंनी माफी मागितली तेव्हा ती म्हणाली, "माफ करूक माका जमाचा नाय गो. पण तू येत रव."

बाई येत राहिल्या, आणि मग तिथेच राहिल्या. आयेने त्यांना कधी माफ केलं नाही. कधी कधी जेवता जेवता म्हणायची, "मोहन असतो तर..." आणि वाक्य तिथेच सोडायची. बाई वाढत राहायच्या.

यानंतर वर्षभराने कारखान्यात ती गोष्ट घडली. राऊळशेठना एका मोठ्या गिऱ्हाइकाकडून नव्या जातीची राळ करायचं काम मिळालं. कृती गिऱ्हाइकानेच दिली होती, दाटपणाचे आकडेही दिले होते. टाकी आमची जुनीच वापरायची. बाईंनी कागद पाहिला आणि विचारलं, आकडे कुठले? गिऱ्हाइकाच्या माणसाने सांगितलं, प्रयोगशाळेतले. कितीवर? त्याने एक तापमान सांगितलं. ते तयार झालेल्या, थंड केलेल्या राळेचं होतं. क्रिया चालू असताना, मधल्या टप्प्यात, ती किती दाट होते हे कोणीच मोजलं नव्हतं.

बाईंनी आमच्या शेडमध्ये एका छोट्या भांड्यात तीच कृती करून पाहिली. मी बाजूला उभा होतो. बराच वेळ काही झालं नाही. मग ढवळणीचा आवाज बदलला, मोटर कण्हल्यासारखी झाली. बाईंनी खालची शेगडी काढून घेतली, तरी तापमानाचा काटा चढतच होता. ढवळणी थांबली. भांड्यातून पिवळट धूर निघाला आणि आतला गोळा बघता बघता दगडासारखा झाला. बाईंच्या ओठांवर घाम होता. त्या म्हणाल्या, "बाबलाक या टाकीर चढूक देव नको."

राऊळशेठ आले, त्यांनी भांडं पाहिलं. "आकेरकर बाई, हे घरगुती भांडं. एवढ्याशा भांड्यात काहीही होतं. मोठ्या टाकीत पाण्याची वेटोळी आहेत."

"शेठ, पेज ताटलीत ओतलात तर लगेच निवता. टोपात ठेवलात तर दुपारपर्यंत गरम रवता," बाई म्हणाल्या. "मोठा आसा म्हणान बरा नाय. मोठा आसा म्हणानच वायट."

शेठ वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायलाच हवं. गिऱ्हाईक थांबायला तयार नव्हतं. हे काम गेलं तर कारखाना चालणार नव्हता, आणि कारखान्यावर आजूबाजूच्या वाड्यांमधली घरं चालत होती. ते म्हणाले, आपण हळूहळू करू, बाबल हुशार आहे, लक्ष ठेवील. बाईंनी नमुना पुरता तपासायला वेळ मागितला. शेठनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, "बाई, माका मारू नका."

बाईंनी त्या दिवशी जेवण घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या कारखान्यांची सुरक्षा पाहणाऱ्या सरकारी ऑफिसात गेल्या. मी सोबत होतो. तिथे त्या स्वच्छ प्रमाण मराठीत, आवाज न चढवता बोलल्या. काय माहीत आहे, काय माहीत नाही, आणि माहीत नसताना काय करायला निघालो आहोत, एवढंच. समोरचा अधिकारी म्हणाला, "म्हणजे अपघात होईलच असं तुम्ही लिहून देता?"

"नाही," बाई म्हणाल्या. "होणार नाही असं कोणीही लिहून देऊ शकत नाही, हे मी लिहून देते."

आदेश निघाला: तपासणी होईपर्यंत नवी कृती टाकीत घालायची नाही. तपासणी लांबली. गिऱ्हाईक निघून गेलं. राऊळशेठनी तरी काही दिवस जुनं काम ओढलं, मग एका सोमवारी फाटकाला कुलूप लावलं. कामगार फाटकाबाहेर जमले होते. बाई नेहमीच्या एसटीने आल्या, कारण काम बंद असल्याचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. कामगारांतली एक बाई मोठ्याने म्हणाली, "आता बरा दिसता मां तुमका?" कोणी तरी वाळूची मूठ त्यांच्या साडीवर फेकली. बाबल पुढे आला. तो ओरडला नाही.

"बाई, काय झाला असता? सांगा माका. काय झाला असता?"

जे झालंच नाही ते बाई त्याला कशाने दाखवणार? त्या म्हणाल्या, "माका ठावक नाय रे बाबल."

"ठावक नाय, तरी माझी नोकरी घालवलात."

त्यानंतर बाबल काही महिने घरी बसला, मग मुलींना आईकडे ठेवून बायकोसह मुंबईला गेला. राऊळशेठ आजारी पडले. मला पुण्यात काम मिळालं. एका सुट्टीत आलो असताना कसालच्या बाजारात बाई आणि मी सुकी मासळी घेत होतो आणि समोरून बाबल आला, गणपतीला गावी आलेला. बाईंनी त्याला हाक मारली. त्याने पाहिलं, रस्त्यावर थुंकला आणि वळून गेला. लोकांनी पाहिलं. मी म्हटलं, "बाई, तो अजून रागावलेला आहे."

बाईंनी सुक्या बांगड्यांची पुडी पिशवीत ठेवली. त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज ठाम होता.

"रागावूक तो आसा मां? मगे झाला."

त्यानंतर पारूआये गेली. मला उशिरा कळलं. शेवटच्या आजारपणात बाईंनीच तिचं सगळं केलं, पण क्रियाकर्माला लांबचा एक पुतण्या आला आणि बाई लोकांच्या मागे उभ्या राहिल्या, असं घरमालकाने फोनवर सांगितलं. मला वाटलं, आता त्या तोंडवली सोडतील. मी त्यांना पुण्याला बोलावलं, आमच्या कंपनीत शिकवायला येता का म्हणून. "बघूया," म्हणाल्या. त्यांच्या 'बघूया'चा अर्थ मला कळत होता.

त्यांना शेवटचं पाहिलं ते मागच्या हिवाळ्यात. ऊन बरंच वर आलं होतं. न कळवता गेलो होतो, खोलीला कडी होती. माडांतून किनाऱ्याकडे उतरलो तर रापण, म्हणजे समुद्रात टाकलेलं भलंमोठं जाळं, किनाऱ्यावरून ओढणं चाललं होतं. दोन्ही बाजूंना दोरावर माणसांच्या रांगा, पुरुष, बायका, एखाद-दुसरा पर्यटकही. रापणीच्या दोराला हात लावेल त्याला वाटा मिळतो, अशी आमच्याकडची रीत. डावीकडच्या रांगेत, शेवटून तिसऱ्या, आकेरकर बाई होत्या. तोच लांब हातांचा शर्ट, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय वाळूत रुतलेले. रांग मागे सरकली की त्याही सरकत होत्या. केस पूर्ण पांढरे झाले होते. पुढच्या बाईने काहीतरी म्हटलं, बाईंनी मान हलवली, पण दोरावरची पकड सैल केली नाही.

जाळं आलं. त्यात फार काही नव्हतं; थोडे तारले मासे, थोडी जेलीफिश, एक फाटकी चप्पल. माणसं हळहळली. तरी टोपली फिरली आणि प्रत्येकापुढे मूठ मूठ तारले पडले. बाईंपुढे टोपली आली तेव्हा वाटणारा तरुण क्षणभर थांबला, त्याने त्यांच्याकडे पाहिलं आणि आणखी दोन मासे टाकले. बाईंनी ते दोन उचलून परत टोपलीत ठेवले, आपले पदरात घेतले, आणि ओल्या वाळूतून घराच्या वाटेला लागल्या. माझ्या बाजूने गेल्या असत्या तर मी हाक मारली असती. त्या खाडीच्या बाजूने गेल्या.